एकशे दहाचा मिक्सर

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दोस्तांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही इथं सौदीत, राबिघमध्ये राहत नाही — आणि तुम्ही माझ्याकडून काही विकत घेतलेलं नसावं. घेतलं असेल तर घाबरू नका, ती वस्तू बहुतेक चालते.

गंमत अशी की या विषयात लोक मला जाणकार समजतात. जुन्या वस्तू ऑनलाइन विकणारी आमच्याकडची पोरं मला विचारायला येतात — अन्वरभाई, गिऱ्हाईक पैसे परत मागतंय, काय करू? मग मी मांडी घालून बसतो आणि सल्ला देतो. आवाज चढवू नका. फोटो मागवा. वस्तू देतानाच चालवून दाखवा. जी खोट असेल ती आधी सांगा. हे शेवटचं बोलताना माझी जीभ जरा अडखळते, पण आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

मी रिफायनरीच्या एका ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन आहे. आमचं भाड्याचं घर जुनं आहे. इथल्या जुन्या घरांत असतं तसं, एसीला दोनशे वीस व्होल्टची लाइन आणि बाकीच्या सॉकेटना एकशे दहाची. कामगारांच्या कॅम्पमध्ये मात्र सगळीकडे दोनशे वीस. एकशे दहाचं यंत्र दोनशे वीसवर लावलं की काय होतं हे कळायला इलेक्ट्रिशियन असावं लागत नाही. मी तर आहे. एवढं ध्यानात ठेवा.

जुनं घ्यायचं, पुसूनबिसून चकाचक करायचं आणि फोटो टाकून विकायचं, हा माझा नाद. तुम्ही कधी असं काही विकलंय का? मग तुम्हाला ती माणसं माहीत असतील. फोटोखाली भाव लिहिलेला असतानाही ‘भाव काय’ विचारणारे. ‘शेवटचा सांगा’ म्हणणारे, आणि शेवटचा सांगितला की तिथून सुरुवात करणारे. एका गृहस्थांनी पाळणा नेला आणि पोरगं चालायला लागल्यावर परत घेऊन आले — म्हणाले, आवडला नाही. कोणाला? पोराला? त्या दिवसापासून जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहू लागलो : माल परत घेतला जाणार नाही.

आणि त्याच्यावर आणखी मोठ्या अक्षरांत — ‘फायनल एक्झिट सेल’.

हे इथलं खास प्रकरण आहे. नोकरी संपवून कायमचा मायदेशी निघालेला माणूस म्हणजे एक्झिटवर निघालेला. त्याला घर रिकामं करायचं असतं, त्यामुळे तो स्वस्तात देतो, आणि लोक तुटून पडतात. मी कुठंही निघालो नव्हतो. पण हे दोन शब्द लिहिले की पंखा दुपारपर्यंत जातो, नाही लिहिले की महिनाभर घरात फिरतो. मग लिहू नये? मी इतक्या वेळा एक्झिट झालो की शेजारच्या केरळी दुकानदाराने एकदा निरोपाची मिठाई आणून दिली. ती मी खाल्ली. ही मुख्य कबुली नाही, पण आता विषय निघालाच आहे म्हणून सांगितलं.

मुख्य कबुली मिक्सरची आहे. इथलाच, एकशे दहाचा, चपट्या दोन पिनांचा. तसा तो कोणी घेईना, म्हणून मी त्याचा प्लग कापला आणि छान तीन पिनांचा बसवला. आता तो दोनशे वीसच्या सॉकेटात अगदी मापात बसत होता. बुडाशी व्होल्ट लिहिलेला कागद होता, तो पुसताना निघाला. मी तेव्हापासून स्वतःला हेच सांगतो — पुसताना निघाला. नखाने पुसताना.

तो घ्यायला आले शिगवणदादा. कॅम्पात राहणारे पाइपफिटर, माझ्याहून वयाने मोठे, गुहागरकडचे. माझं गाव दाभोळ खाडीच्या अलीकडे, त्यांचं पलीकडे, मध्ये फक्त फेरीबोट. परक्या मुलुखात असा माणूस भेटला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही तासभर मासळीवर बोललो. त्यांना मिक्सर हवा होता तो ओल्या खोबऱ्याचं वाटप करायला. खोलीतली माणसं तयार मसाल्याच्या पुड्यांना विटली होती, शुक्रवारी सुरमईचं कालवण करायचं ठरलं होतं. मी त्यांना माझ्या आईच्या हातच्या कालवणाबद्दल सांगितलं, चहा पाजला, मिक्सर पिशवीत भरून दिला. सगळं सांगितलं. एकशे दहाचं तेवढं सांगितलं नाही.

विसरलो का? नाही. ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर ते पिशवी खाली ठेवून गेले असते, इतकी साधी गोष्ट आहे.

शुक्रवारी दुपारी त्यांचा आवाजी निरोप आला. मिक्सर एकदा विमानासारखा ओरडला, मग धूर निघाला, मग आख्ख्या खोलीची वीज गेली. खोबरं छताला लागलं. एसी बंद पडल्यामुळे बाकीचे लोक उघड्या अंगाने बाहेर सावली शोधत होते आणि त्यांच्याकडे फार वाईट नजरेने बघत होते. आणि एवढं सगळं सांगून त्या भल्या माणसाने शेवटी मलाच विचारलं, की भाई, माझ्याकडून खोबरं जास्त पडलं काय?

इथं मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो — खोबरं ओलं होतं की सुकं?

हसू नका. किंवा हसा. मी त्या खोबऱ्यावर दोन दिवस काढले. तुकडे केवढे होते, पाणी आधी घातलं की नंतर, झाकण घट्ट होतं का. दादा प्रत्येक प्रश्नाचं मनापासून उत्तर देत होते. मग त्यांच्या खोलीतल्या कोणीतरी त्यांना शहाणं केलं असावं, कारण त्यांनी निम्मे तरी पैसे परत द्या म्हणून लावून धरलं. मी लिहिलं, जाहिरात वाचा, माल परत घेतला जाणार नाही. त्यांनी जळक्या मोटरचे फोटो पाठवले. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी आणखी फोटो पाठवले. आणि मग म्हणाले, जाऊ दे पैसे, तुम्ही इलेक्ट्रिशियन हाव ना, मी येत्या शुक्रवारी घेऊन येतो, दोघं मिळून उघडून बघू.

माझं धाबं दणाणलं. उघडल्यावर मी काय बघणार होतो? मी घाईघाईने लिहिलं : ‘दादा, मी एअरपोर्टवर आहे. फायनल एक्झिट. खलास.’

मला वाटलं, आता शिव्या येतील. आला पुन्हा आवाजी निरोप. तो मी अजून पुसलेला नाही.

“असं अचानक कसं झालं, भाई? कफीलाने, तुमच्या मालकाने, काय त्रास दिला काय? मिक्सरचं काय घेऊन बसलाव, ते सोडा आता. घरला नीट जावा. आईला भेटा.”

तुम्ही म्हणाल, एवढं ऐकून तरी माणूस फोन करेल. मी सुटकेचा श्वास टाकला आणि जेवायला बसलो.

पण राबिघ केवढं? एका कायमच्या गेलेल्या माणसाला इथं राहणं किती कठीण आहे याची तुम्हाला कल्पना नाही. दादा ज्या मासळीबाजारात जायचे तिथं मी जाणं सोडलं. बायकोला सांगितलं, डॉक्टरने मासे कमी करायला सांगितलेत. कोकणातल्या माणसाला असं सांगणारा डॉक्टर कोण, हे ती अजून विचारते. एकदा सुपरमार्केटमध्ये ते समोरून आले, तेव्हा मी तांदळाच्या गोण्यांमागे खाली बसलो आणि तिथल्या बंगाली कामगाराला काहीतरी हरवल्याचं खुणेने सांगितलं. तो बिचारा माझ्याबरोबर शोधू लागला. विक्रीच्या ग्रुपमधूनही मी बाहेर पडलो आणि बायकोच्या जुन्या नंबरावरून तिच्या नावाने परत आत आलो. तिला म्हटलं, बाईमाणसाशी लोक घासाघीस कमी करतात. ग्रुपवर मी सलमाताई झालो.

आता आईचं सांगायला हवं. तेच टाळत इतका वेळ मिक्सरभोवती फिरतोय.

आई गावाला एकटी असते. तिने माझ्याकडे कधी सोनं मागितलं नाही, हजला ने म्हणाली नाही. आल्यागेल्याला एवढंच सांगते की माझ्या अन्वरने कोणाला फसवलं नाही. तिची तेवढीच मिजास आहे.

पुढच्या सुट्टीत शिगवणदादा घरी गेले आणि फेरीबोटीने आमच्या गावी उतरले. धक्क्यावरच्या दुकानात त्यांनी विचारलं, एक्झिट झालेल्या अन्वरभाईंचं घर कोणतं. आमचे दुकानदार चाचा रोज पेपर वाचणारे. पेपरात मोठा नट वारला की ‘चटका लावणारी एक्झिट’ असंच छापतात. चाचांनी दुकान उघडं टाकलं, टोपी चढवली, वाटेत दोघांना बरोबर घेतलं आणि आमच्या दारात येऊन इन्ना लिल्लाहि म्हणायला सुरुवात केली.

आई कांदा चिरत होती. ती म्हणाली, “मेला कोण? अन्वर? सकाळीच माझ्याशी भांडलाय तो.”

हे सगळं मला चाचांच्या पोराने फोनवर हसत हसत सांगितलं, आणि मीही हसलो. चाचा शरमिंदे होऊन गेले. पुढचं मात्र आईने सांगितलं. दादा ओटीवर बसले, चहा घेतला, आणि म्हणाले की एक्झिट म्हणजे मेलेले नाहीत, कायमचे घरी आलेत ना भाई — कुठं आहेत, भेटवा की. आई म्हणाली, आहे तर, दापोलीला बाजारात गेलाय.

दादांनी पिशवीतून मिक्सर काढला. तो जळका मिक्सर ते सामानात घालून चिपळूणला घेऊन गेले होते आणि तिथं मोटर नव्याने बांधून घेतली होती. भाईंची नोकरी गेली, घरातल्या वस्तू विकायची पाळी आली, म्हणून त्यांची वस्तू त्यांच्या आईला द्यायला आलो, असं म्हणाले. पैसे घ्यायला तयार होईनात. निघताना एवढंच बोलले, “भाई आले की सांगा, आता कॅम्पातल्या प्लगात घातला तरी जळायचा नाय.”

मोटर बांधणाऱ्याने त्यांना सांगितलंच असणार, की ही एकशे दहाची होती. तीन पिनांचा प्लग कोणी बसवला हेही त्यांना कळलंच असणार. तरी ते खाडी ओलांडून आले. मी राबिघ सोडून गेलोच नाही हेही त्यांनी तेव्हाच ओळखलं का? मला माहीत नाही.

आईने विचारलं, प्लगाचं काय म्हणत होता तो? मी म्हणालो, काही नाही, गैरसमज झालाय. त्यावर ती म्हणाली,

“त्या माणसाच्या तोंडावर मी खोटं बोलले, अन्वर. नमाज पढून उठले होते. माझ्या खोट्याचं मी बघते. तुझं तू बघ.”

मिक्सर तिने लावलेला नाही. मी सुट्टीत गेलो तेव्हा फडताळावर फडक्यात बांधून ठेवलेला दिसला, आणि ती खाली बसून पाट्यावर वाटत होती. मी म्हटलं, आण, मी लावून देतो. ती म्हणाली, ज्याचा आहे त्याने सांगितलं तर लावू. आणि आल्यागेल्याला ते जे सांगायची, ते आता सांगत नाही.

दादा राबिघलाच आहेत. कॅम्पही तोच, माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटं. परवा मी ग्रुपवर एक टेबलफॅन टाकला, सलमाच्या नावाने. थोड्या वेळात त्यांच्या नंबरावरून प्रश्न आला.

‘ताई, पंखा एकशे दहाचा का दोनशे वीसचा?’

पंखा दोनशे वीसचाच आहे. मी तसं लिहिलं. त्यांनी विचारलं, ‘नक्की?’ मी लिहिलं, ‘नक्की, दादा.’

‘बरं झालं विचारलं. काही लोक सांगत नाहीत.’

मी लिहिलं, ‘हो ना दादा, जग फार वाईट आहे,’ आणि पाठवून दिलं.