वुब्बेचा पाच ठोक्यांचा शब्द

बँड वळणाआड असतानाच आमचं गाव म्हणायचं, आला वुब्बे. मोठा ढोल त्याच्याकडे होता ना. पण गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ मात्र अडखळायला लागली. लहान शब्द यायचे. पण आमच्या डच भाषेत शब्दाला शब्द जोडून मालगाड्या करतात, त्या आल्या की दुसऱ्याच डब्याला गाडी रुळावरून खाली.

आणि पणतीचा पहिला वाढदिवस तोंडावर आलेला. आमच्याकडे वाढदिवस एकट्या पोराचा नसतो. येणाऱ्यानं गोलात बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवून नात्यासकट म्हणायचं, लेकीबद्दल अभिनंदन, भाचीबद्दल अभिनंदन. पणती म्हणजे 'आख्तरक्लाइनडोख्तर'. हा शब्द वुब्बेला बायकोपुढे, हिलेखीनपुढे, स्वतःच्या तोंडानं म्हणायचा होता. बाकी सगळे त्याचं वाक्य परस्पर पुरं करून टाकत. थांबायची ती एकटी हिलेखीन.

वाचेचे धडे देणारी रेन्स्के त्याच्या नातीच्या वयाची. वुब्बे मांडीवर थापा मारत सुरू व्हायचा, "आख्. तर. क्लाइन." नि तिथंच फुस्स.

"वुब्बेकाका, कुंपणाचे खांब ठोकताय का? बँडमध्येही सगळे ठोके असेच?"

"वेडी का गं तू? पहिला... दणदणीत. बाकी मऊ."

"मग शब्दालाच का बडवता?"

वुब्बे हसत सुटला. मग 'आख्'वर दणका, 'क्लाइन'वर त्याच्या निम्मा, बाकीचे नुसते बोटांनी. बागेत बटाटे काढतानाही तो फावड्याच्या दांड्यावर तेच वाजवायचा.

वाढदिवसाला हिलेखीन सकाळीच पणतीच्या घरी मदतीला गेलेली. वुब्बे पोचला तेव्हा गोल भरला होता. बाकीच्यांना नुसतं "अभिनंदन" म्हणत तो तिच्यापुढे आला नि तिचा हात धरला.

"अभिनंदन... तुझ्या... आख्..."

पुतण्या सिक्कोला राहवेना. "पणतीबद्दल, काका."

"तुझं तोंड केकसाठी ठेव, सिक्को," हिलेखीन म्हणाली. "मला घाई नाही."

कपबश्या थांबल्या. वुब्बेनं डोळे मिटले नि तिच्याच तळव्यावर अंगठ्यानं पहिला ठोका दिला, चांगला जड. बाकीचे त्याच्यामागून आपसूक आले.

"आख्तरक्लाइनडोख्तर."

हिलेखीननं हात सोडला नाही. "तुझंही अभिनंदन, म्हाताऱ्या. तुझीही पणतीच ती."

"तू... थांबलीस," वुब्बे म्हणाला. "नेहमी."

"हो, नि कॉफी गार झाली. बस आता."

बसल्या बसल्या त्यानं 'स्लाखरोमटार्ट', म्हणजे मलईचा केक, मागितला, तो मात्र एका दमात. ठोकाबिका काही नाही.

"हा शब्द तर याला इस्पितळातच आला होता," हिलेखीन सिक्कोला म्हणाली, नि सगळ्यांत मोठा तुकडा वुब्बेच्या बशीत ठेवला.