खोडा शेवटचा कधी वापरला

ही गोष्ट मी घरात सांगितली नाही, मठात सांगितली नाही, दुकानात तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय — तेही लपवत नाही.

माझं बसवकल्याणात जुन्या सागवानाचं दुकान आहे. पडायला आलेल्या गढ्या, चावड्या, जुनी घरं मी उभी विकत घेतो आणि उतरवून तुळया, दारं, खांब विकतो. धंदा मी एका हातगाड्यावरून उभा केला. भाव करताना माझा आवाज चढतो, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. ते मला कधी वाईट वाटलेलं नाही.

एक राग मात्र मी लहानपणापासून सांभाळला. निजामाच्या राज्यात आमच्या भागातल्या जहागीरदारानं माझ्या आज्ज्याला खोड्यात घातलं होतं. नांगरासाठी बाभळीची एक फांदी तोडली म्हणून. तीन दिवस, उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. आज्जा मरेपर्यंत लंगडत होता. आमच्या घरात ही गोष्ट दर सणाला जेवायला बसल्यावर निघायची.

पुढं त्याच घराण्याची मंठाळकडची गढी मी उतरवायला घेतली. तळघरात खोडा निघाला. एकावर एक ठेवलेले दोन जाड ओंडके, मधे पायांसाठी चार भोकं, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला कडी-कोयंडा. पाय घालायचे, वरचा ओंडका पाडायचा, कुलूप लावायचं. जहागीरदाराचा नातू म्हणाला, हे असंच घेऊन जा, जळणाला होईल. मी फुकट घेतला नाही. मागेल तो भाव देतो म्हणालो. आयुष्यात तेवढी एकच वस्तू मी घासाघीस न करता घेतली. का? कारण ती माझी व्हायला हवी होती.

खोडा दुकानापुढं मांडला. कोयंडा निखळला होता, तो नागप्पाला लावून टाक म्हणालो.

नागप्पा माझा सुतार. मादन हिप्परग्याचा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, तरी मला अण्णाच म्हणायचा. जुन्या दाराचा तुटका वेल त्यानं पुन्हा कोरला की जुना कुठं संपला, नवा कुठं सुरू झाला, हे मलाही सांगता यायचं नाही. गिऱ्हाईक आलं की तो हसत खोड्यात बसायचा, पाय घालून दाखवायचा. 'अण्णांच्या आज्ज्याची खुर्ची' म्हणायचा. मीही हसायचो.

त्या दिवशी — सोमवार होता — सोलापूरचा एक हॉटेलवाला मोठं दार बघायला आला होता. दार ठोठावायचा पितळी सिंहमुखी कडा जागेवर नव्हता. त्याच्यावाचून दार म्हणजे नुसती फळी. मी आधीच तापलेला. तेवढ्यात गिऱ्हाईक म्हणालं, हे लाकूड कसलं? नागप्पा नेहमीसारखा जाऊन बसला, पाय घातले. मी वरचा ओंडका पाडला आणि गल्ल्यातलं कुलूप आणून लावलं.

तो हसतच होता. म्हणाला, "बास की अण्णा, काढा."

"काढतो. आधी कडा कुठं हाय सांग."

"तुमच्याच हातात दिला की सकाळी. पेपरात गुंडाळून दिला."

ते मला उलट बोलणं वाटलं. चार माणसांसमोर. मी म्हणालो, आठवेपर्यंत बस. कामगार आधी हसले, मग त्यांचे रंधे थांबले. नागप्पाचंही हसू गेलं. थोड्या वेळानं एक कामगार किल्ली मागायला आला, नागप्पाचे पाय आखडायलेत म्हणाला. मी त्याला हाकललं. ते बघून नागप्पाच बोलला. त्याचं ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

"ऱ्हाऊ दे रे. कुलूप अण्णांनी लावलंय. त्येच काढतील."

इथपर्यंत मी रागात होतो. रागाला माणसं समजून घेतात. पण सांगायचं आहे ते इथून पुढचं.

दुपारी दोनच्या सुमारास बिडी काढायला मी स्कूटरची डिक्की उघडली. कडा तिथं होता. पेपरात गुंडाळलेला. पॉलिशला न्यायचा म्हणून सकाळी मीच ठेवला होता.

मी डिक्की बंद केली.

दुकानात येऊन बसलो. हॉटेलवाला अजून होता, चहा पीत होता. खोडा माझ्यापासून दहा पावलांवर. किल्ली खिशात. कुलूप उघडून, चुकलो नागप्पा, म्हणायला किती वेळ लागला असता? पण मग कामगारांत माझा शब्द उरला नसता — असं मी तेव्हा मनात म्हणालो. खरं म्हणजे तेवढंही मनात आलं नव्हतं. मी नुसता बसलो. ऊन सरकत त्याच्या पायांवर आलं, ते मी बघितलं. त्याला पाणी पाठवलं. पाणी पाठवताना आपण चांगले आहोत असंही वाटलं.

पाच वाजता कुलूप काढलं. कडा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, सापडला. कुठं, ते सांगितलं नाही. नागप्पानं तो पेपर ओळखला. माझ्याकडं बघितलं. मग मीच बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"जा. पोलिसात देत न्हाई. या टायमाला सोडून देतो."

मी त्याला माफ केलं.

हॉटेलवाल्यानं दार घेतलं, वर माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. लाकूडबाजारात नागप्पा अण्णांनी सोडलेला चोर झाला. बसवकल्याणात त्याला कुणी काम दिलं नाही. तो उमरग्याला गेला आणि सेंट्रिंगच्या फळ्यांना खिळे मारत राहिला. वेल कोरणारा माणूस.

त्याच वर्षांत मी लोकांना ज्ञान द्यायला लागलो होतो. जेलनं माणूस बिघडतो, चारचौघांत थोडी शरम दिली की सुधारतो, असं सांगायचो. उदाहरण म्हणून नागप्पा द्यायचो. नाव न घेता. नाव सगळ्यांना ठाऊक असायचं.

तीन वर्षांपूर्वी नागप्पा वारला. मी मादन हिप्परग्याला गेलो. त्याच्या बायकोनं मला चहा दिला. म्हणाली, "तुमी पोलिसात दिलं न्हाई, लई उपकार झाले अण्णा." तिलाही तो चोरच वाटत होता, की माझ्यासारख्या माणसाशी असंच बोलावं लागतं हे तिला माहीत होतं? मी विचारलं नाही. चहा प्यालो आणि बस धरली.

यंदा आमच्या गावच्या कॉलेजात शिक्षांच्या इतिहासाचं प्रदर्शन लागलं. इतिहासाच्या मॅडम खोडा मागायला आल्या. त्यांनी समजावून सांगितलं — आधी शिक्षा माणसाच्या अंगावर व्हायची, लोकांसमोर. मग भिंतीआड गेली. आता तुरुंगाच्या फाटकावर सुधारगृह अशी पाटी असते. कुणी म्हणतो शिक्षा भीतीसाठी, कुणी म्हणतो सुधारण्यासाठी, कुणी म्हणतो केल्याची फेड म्हणून. मी व्यापारी माणूस, मला शिक्षा म्हणजे गुन्ह्याचा भाव वाटत आली. पण जो गुन्हा झालाच नाही त्याचा भाव नागप्पानं दिला, आणि जो झाला त्याचा मला कुणी विचारलाच नाही. हे मॅडमना बोललो नाही. आज्ज्याची गोष्ट सांगितली. त्यांनी वहीत लिहून घेतली आणि विचारलं, हा शेवटचा कधी वापरला?

मी म्हणालो, निजामाच्या काळात. पोलीस ॲक्शनच्या आधी.

टेम्पोत चढवताना मी कडीला धरून ओंडका ओढला. कोयंडा हातात आला. त्यात दोनच खिळे होते, अर्ध्या इंचाचे. देखाव्यापुरते. ते नागप्पानंच ठोकले होते. एक हिसका दिला असता तरी खोडा उघडला असता, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तो पाच तास बसून राहिला.

दुसरे लांब खिळे मारून मी कोयंडा बसवला आणि खोडा पाठवून दिला.

प्रदर्शनात त्याच्यासमोर चिठ्ठी आहे : शेवटचा वापर — निजामाच्या काळात. ते खोटं आहे. शेवटचा वापर मी केला. सोमवारी, दुपारी बारा ते पाच. दोननंतरचे तीन तास मला सगळं माहीत होतं.