निमगडे साहेबांचा चार्जिंग पॉइंट

दुर्गापुरात हरिदास निमगड्यांच्या पोर्चमध्ये एक सॉकेट आहे. वर पावसाचं झाकण, बाजूला एमसीबीचा वेगळा खटका, आणि खाली खड्डा खोदून मीठ-कोळसा भरून केलेलं खास अर्थिंग. इतकं नामी अर्थिंग अख्ख्या तालुक्यात कोणाच्या घरी नसेल. त्यावर उन्हाळ्यात कूलर चालतो. नवख्या माणसानं विचारलंच की कूलरसाठी एवढा थाट कायले, तर हरिदासभाऊ आधी कपाळावर हात मारून घेतात, मग खुर्ची पुढे ओढून म्हणतात, "बसा. एका शहाण्याची गोष्ट सांगतो."

तो शहाणा म्हणजे ते स्वतःच.

माणूस तसा खरंच हुशार, बरं का! शेजारच्या ऊर्जानगरच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं टर्बाईनवर काढली. नुसत्या आवाजावरून कोणतं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचे. पण त्या हुशारीनं एक खोड लावली. समोरचा काही सांगायला लागला की हेच त्याला सांगायला लागत. आणि निरोप समारंभात माईक हातात आला, तेव्हा तर विचारूच नका. शंभर माणसांसमोर बोलून गेले, "दुनियेले वीज देल्ली मी. आमच्या सत्यशीलाच्या वाट्याले काय आलं? वाळू घातलेल्या कपड्यावरची राख! आता गाडी घेतो न तिले माह्या विजेवर फिरवतो. पयले अहेरीले, नंदिनीकडे."

टाळ्या पडल्या. सत्यशीलाबाईंनी पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं. त्यांची नंदिनी अहेरीला नर्स आहे. बाळंतपण माहेरी आटोपून ती तान्ह्या खुशबूला घेऊन नुकतीच परत गेली होती, आणि आजीचा जीव तिकडेच लागलेला होता.

झालं, हरिदासभाऊ गाडीच्या मागे लागले. पूर्ण विजेची गाडी नको, अहेरीच्या वाटेवर आलापल्लीच्या जंगलात बंद पडली तर कोण ढकलणार? म्हणून हायब्रिड, म्हणजे पेट्रोलही आणि बॅटरीही. नागपूर रोडवरच्या शोरूममध्ये सुनिल नावाचा पोरगेला सेल्समन बॅटरीचं समजावून सांगू लागला. पण बॅटरी हा शब्द कानावर पडला आणि आमच्या साहेबांनी त्याच्याच कागदावर टर्बाईनची आकृती काढून त्याला अर्धा तास शिकवणी दिली. सुनिल बिचारा "हो सर, हो सर" करत राहिला. शेवटी तो चहा द्यायला सत्यशीलाबाईंकडे वळला आणि राहिलेलं त्यांनाच सांगून मोकळा झाला.

त्या वर्षी हायब्रिड सेडानवरून दोन कंपन्यांची अशी जुंपली होती की एकीनं मायलेज सांगितलं की आठवडाभरात दुसरी त्याच्यावर दोन किलोमीटर चढवून सांगे. पण गाड्या होत्या कुठे? बॅटऱ्याच नव्हत्या! दोघींच्या बॅटऱ्यांचे सेल परदेशातल्या एकाच कारखान्यातून यायचे आणि जिचा रेटा जास्त तिला आधी मिळायचे. सुनिलचा फोन आला, "सर, आपली बॅटरी जहाजात आहे." तेवढ्यात दुसऱ्या शोरूमवाला म्हणाला, आमच्या बॅटऱ्या बंदरात उतरल्या. हरिदासभाऊंनी ताबडतोब पहिलं बुकिंग मोडलं. दीड महिन्यानं दुसरा म्हणतो, सेल पहिल्या कंपनीनंच पळवले. घ्या! साहेब परत सुनिलकडे, आणि नंबर आता सगळ्यात शेवटी.

"तिथीच बसून राह्यलो असतो तर दिवाळीतच गाडी आली असती," हे आज ते स्वतःच सांगतात. "पण मले घाई, मी हुशार न!"

तिकडे मोबाईलवरच्या व्हिडिओत पाहता पाहता खुशबू बसायला लागली, मग रांगायला लागली. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "मी एसटीनं जाऊन येतो न जी. दोन दिवसाचं तर काम."

"नाई. शब्द म्हणजे शब्द. शंभर माणसात बोललो मी."

बाई गप्प बसल्या. लेकीला फोनवर म्हणाल्या, येतो, येतो.

गाडी येईपर्यंत करायचं काय? हरिदासभाऊंनी चार्जिंग पॉइंट मनावर घेतला. सकाळी सहाला उठून कागदावर लाइनी काढत. अर्थिंगचा खड्डा स्वतः खोदला. सॉकेट बसवायला अजय आला. हा त्यांचा केंद्रातला जुना हाताखालचा वायरमन. त्यानं एकदा हळूच विचारलं, "साहेब, हायब्रिडले हे लागते का?"

"अजय, बॅटरी आहे म्हटल्यावर चार्ज कराच लागन न बे! चौतीस वर्षं काय गोटे खेळलो का मी?"

"बरोबर आहे साहेब," अजय म्हणाला आणि मुकाट्यानं स्क्रू पिळू लागला.

सुनिल गाडी घेऊन आला त्या दिवशी जुनी सगळी शिफ्ट पोर्चमध्ये हजर. लाल फीत, पेढे, हार. फीत कापून हरिदासभाऊ सॉकेटची वायर हातात घेऊन गाडीकडे निघाले. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. एक झाकण उघडलं, ते पेट्रोलचं. वायर हातात धरून त्यांनी गाडीला दोन पूर्ण चकरा मारल्या.

"सुनिल, लावाचं कुठी?"

"सर, हिले लावाचं नसते," सुनिल खाली पाहत म्हणाला. "ही चालता चालता आपली आपण चार्ज होते. मी पहिल्या दिवशी..." अजय पेढ्याच्या डब्यात तोंड खुपसून उभा होता.

माणसं गेल्यावर साहेब आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. "गाडी वापस करतो. माह्या विजेवर फिरवतो म्हटलं अन् पेट्रोलवर नेऊ तुले? लोकं थुंकतीन माह्यावर."

"मले माहीत होतं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "त्या सुनिलनं मले तवाच सांगतलं होतं."

हरिदासभाऊ गर्रकन वळले. "मंग बोलली काऊन नाई?"

"रिटायर झाल्यापासून तुमी निरे खिडकीतून केंद्राच्या चिमणीकडे पाहत बसत होते. ताट वाढलं तरी भान नाई. खड्डा खोदाले लागले तवा पयल्यांदा मांगून जेवले. म्हटलं, खोदू द्या. अन् आता वापस-बिपस काई नाई. उद्या निघाचं."

हरिदासभाऊंचे डोळे भरले. चौतीस वर्षं मशीनचा आवाज ओळखणाऱ्या माणसाला घरातल्या बाईचं गप्प बसणं ओळखू आलं नव्हतं. त्याची लाज त्यांना सॉकेटहून जास्त वाटली, असं ते आजही सांगतात.

दुसऱ्या दिवशी दोघं अहेरीला निघाले. गोंडपिपरी मागे पडली आणि आष्टीच्या पुलाकडे उतार लागला, तसा साहेबांनी ब्रेक दाबला. स्टिअरिंगपुढच्या पडद्यावर हिरवा बाण चाकाकडून बॅटरीकडे पळू लागला. साहेब चमकले. पुन्हा दाबला, पुन्हा बाण. "अवं, हे तर जनरेशन करून राह्यलं!"

"मंग? वीज कोण बनवून राह्यलं?" बाईंनी विचारलं.

"गाडी."

"गाडी कायची? बिरेक तर तुमीच दाबून राह्यले."

मग काय विचारता! साहेब पुढे आष्टीपासून अहेरीपर्यंत दर खड्ड्याला, दर वळणाला, रस्त्यात नसलेल्या गुराढोरांनाही ब्रेक दाबत गेले. लोखंडाच्या खनिजाचे ट्रक हॉर्न मारत पुढे गेले. दोन एसट्या गेल्या. एक सायकलवालाही बराच वेळ सोबत होता.

दुपारी जेवायला पोचणार होते, ते दिवे लागल्यावर पोचले. नंदिनी खुशबूला कडेवर घेऊन दारातच उभी, रडकुंडीला आलेली. "आई, एवढा उशीर? एसटीनं आली असतीस तर बाराले इथी असतीस!"

सत्यशीलाबाईंनी नात उचलून छातीशी धरली.

"तुह्या बाबाच्या विजेवर आली मी," त्या म्हणाल्या. "वेळ तर लागनच."