मुठीची यादी

१० फेब्रुवारी १९७३, शनिवार. सकाळच्या शाळेत शिकवून आले की घरोघरची मूठ गोळा करायची आणि पीठ चाळून ठेवायचं, हे माझं त्या वर्षीचं काम.

आमच्या बेलापूरजवळच्या गावात ख्रिस्ती बायांची जुनी रीत होती. भाकरीचं पीठ मळायला घेताना आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. आठवड्याचं पीठ शनिवारी चर्चमध्ये यायचं आणि तिथून अडचणीतल्या घरांना जायचं. अडचण कुणाकडे आहे हे ओळखायचा नियम सोपा होता: ज्या घरची मूठ बंद झाली, ते घर यादीत. रविवारी पाळकसाहेब उपासनेत यादी वाचत, सगळी मंडळी त्या घरांसाठी प्रार्थना करी आणि मग पीठ वाटलं जाई. नियम मीच केला होता. मला तो आवडायचा, कारण कुणाला काही विचारावं लागत नसे.

त्या दुपारी चर्चच्या ओट्यावर बसून एकेक पुडकं सोडून चाळत होते. कोपऱ्यावरच्या घराचं पुडकं सोडलं आणि मला लागोपाठ चार शिंका आल्या. पिठाला मिरचीचा ठसका होता. हे पीठ मी ओळखत होते. त्या आठवड्यात गिरणीवाल्याने आमची ज्वारी चुकून मिरचीच्या चक्कीत टाकली होती आणि चार दिवस आमचं घर खोकत जेवत होतं. असं पीठ गावात फक्त आमच्याकडे होतं.

कोपऱ्यावरच्या घरात एक तरुण सून, तिची म्हातारी सासू आणि पाच महिन्यांची मुलगी. नवरा गवंडी. दुष्काळात बांधकामं थांबली म्हणून तो नाशिककडे गेला होता, त्याचं दोन महिने पत्र नव्हतं. तरी तिची मूठ कधी चुकली नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते.

घरी येऊन सासूबाईंना विचारलं, "कोपऱ्यावरचीला पीठ दिलं होतं का?"

"दिलं. वाटीभर. दर शुक्रवारी नेते."

"दर शुक्रवारी? आणि मला सांगितलं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू तिला यादीत घातलं असतंस," त्या लसूण सोलत म्हणाल्या. "तिनं शपथ घातली होती मला."

म्हणजे आमच्याच घरचं पीठ ती उसनं नेऊन मला दान देत होती, आणि मी ते टोपलीत घेऊन तिला 'देव भलं करो' म्हणत होते. मला आधी हसू आलं. मग मुलीची आठवण झाली. मूठ घेताना दारात ती आईच्या कडेवर किरकिरत होती. तो आवाज पोट भरलेल्या लेकराचा नव्हता. मी तो ऐकला होता आणि पुढच्या घरी गेले होते.

तशीच उठून तिच्याकडे गेले. चूल थंड होती.

"कालपासून काय खाल्लं?"

"खाल्लं की."

"काय?"

तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. आतून तिची सासू म्हणाली, "अंबाडीची भाजी. त्यातली बी मलाच वाढली. हिला दूध फुटंना झालंय, बाई. सांगा तुमी हिला."

"यादीत नाव देते," मी म्हटलं.

"नगं," सून ताडकन म्हणाली. "माजं नाव देवाला ठावं हाय. सगळ्यांम्होरं वाचून कशाला दावायचं? माजा नवरा परत आल्यावर लोकं त्याला म्हनतील, तुज्या बायकूला आमी पोसली. त्यापरीस मूठ दिलेली बरी."

नियम माझा होता आणि तो चुकीचा होता, एवढं कळलं. मी सासूबाईंकडून चार भाकऱ्या आणि पिठलं आणून तिच्यासमोर ठेवलं आणि ती जेवेपर्यंत बसून राहिले. दोन भाकऱ्या झाल्यावर ती म्हणाली, "लई तिखट हाय वो तुमच्या घरची ज्वारी." मग आम्ही तिघी हसलो, मुलगी दचकून रडायला लागली.

संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, उद्यापासून यादी बंद. गोळा झालेल्या सगळ्या पिठाच्या भाकऱ्या उपासनेनंतर इथंच करू, सगळे इथंच जेवतील.

"यादी नसली तर गरज कुणाला आहे ते कळायचं कसं?" ते म्हणाले.

"पंगतीत कळतं. कुणाची भाकरी किती लवकर संपते ते मी बघेन."

"आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनीही इथंच जेवायचं?"

"तुम्ही पहिले बसा."

रविवारी चर्चच्या अंगणात तीन चुली पेटल्या. भाकऱ्या थापायला मी कोपऱ्यावरचीला बसवलं. थापणारीने उरलेलं पीठ घरी न्यायचं ही आमच्याकडची जुनीच रीत, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. पीठ उरेल एवढं मी आधीच बघून ठेवलं. तिचा हात असा की परातीएवढी भाकरी तव्यावर जाऊन टम्म फुगायची. पाळकसाहेबांनी हौसेने एक थापून बघितली; तिचे तीन तुकडे झाले.

"साहेब, तुमी प्रार्थनाच करा," ती म्हणाली, आणि अख्खी पंगत हसली.

शेजारच्या मळ्यातल्या पाटलांनी कुंपणावरून कांद्यांची टोपली दिली. "पानी न्हाई, म्हनून बारीक ऱ्हायलेत. पन खावा." दोन्ही घरच्या सासवा एकमेकींशेजारी बसून सुनांच्या तक्रारी करत होत्या. कोण देणारं आणि कोण घेणारं हे शोधायला मला चष्मा लागला असता. मुलगी पोटभर दूध पिऊन आईच्या मांडीवर झोपली होती.

सोमवारी सकाळी मी शाळेच्या आधी निघाले, पुढच्या रविवारसाठी सरपण कुणाकडून किती मिळेल ते विचारायला. कोपऱ्यावरच्या घरातून धूर येत होता. मी आत डोकावले नाही. पुढच्या दारी जाऊन हाक मारली.