चाल कुणाची?

गाण्याला टाळ्या वाजवताना, त्यातली गिटारची चाल कुणी बांधली, हे तुम्ही कधी विचारलंय?

परवा कॉलेजच्या मैदानावर एक रॉक बँड कडाडत होता. शेजारी उभ्या असलेल्या पन्नाशीच्या माणसाची बोटं मांडीवर, गिटारच्या बरोबरीनं, अचूक पडत होती.

“काका, तुम्हीही वाजवता?”

“ही चाल माझीच आहे, पोरी. चार बँड झाले, हा त्यातलाच एक. दर वेळी गिटार घेऊन निघालो, चाली तिथंच राहिल्या.”

“मग सांगा ना त्यांना!”

“आता सगळी नवी पोरं आहेत, मला कोण ओळखतंय? म्हणतील, म्हातारा सही मागायला आलाय.”

स्टेजवरून सगळ्यांची नावं घेतली, अगदी लाइटवाल्याचंही. काकांचं नाही. निघून गेलेल्याचं काम ठेवायचं आणि नाव पुसायचं, ही चोरीच. तरी काकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठेनात.

पुढच्या वेळी टाळ्यांआधी तुम्हीच मोठ्यानं विचारा, चाल कुणाची?