आठवं कलम: खसखस

माझं पहिलं पत्रक मी आखातात नोकरीला जाणाऱ्यांसाठी लिहिलं. राग आला होता म्हणून लिहिलं. तिकडच्या कस्टमचे नियम इंग्रजीत आणि अरबीत छापलेले, आणि जाणारा माणूस मालवणचा नाहीतर जालन्याचा. एजंट सांगणार, 'सब ठीक है', आणि तिकडे बॅग उलटी झाली की एजंटाचा पत्ता नाही. घाटकोपरच्या आमच्या चार पोरांच्या मंडळाने सायक्लोस्टाइलवर प्रती काढल्या. व्हिसावरचं नाव पासपोर्टशी जुळतं का बघा. लस टोचल्याचं कार्ड हातात ठेवा. कराराची एक प्रत घरी ठेवून जा. औषधं चिठ्ठीशिवाय नकोत. दारू नको, देवांच्या मूर्ती नकोत, व्हिडिओ कॅसेट तपासायला काढून घेतात. आठवं कलम होतं: खसखस नेऊ नये. तिकडे ती अफूत धरतात, तुरुंग होतो.

आईवडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि ताई. ताई नर्स. तिला तिकडच्या एका इस्पितळात दोन वर्षांचं काम मिळालं होतं. पत्रक तिने भाजी निवडता निवडता वाचलं.

"बरंय रे. पण फार रागावून लिहिलंयस. माणूस घाबरून जायचाच नाही."

"नाही गेला तर बरंच."

"मीसुद्धा?"

 तिची कागदपत्रं मी रोज तपासत राहिलो. तिला वाटायचं, भावाला काळजी. खरं सांगायचं तर मी चूक शोधत होतो. एखादा शिक्का कमी, एखादं अक्षर चुकलेलं. सगळं चोख होतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. निघायच्या दिवशी सकाळी शेजारच्या काकी स्टीलचा डबा फडक्यात बांधून घेऊन आल्या.

"थंय जाऊन उघड गो. कसे झाले ता ह्येका इचार, काल दोन खाल्ल्यान," माझ्याकडे बोट करून काकी म्हणाल्या.

"काय आहे रे?" ताईने मला विचारलं.

"झकास आहे," मी म्हटलं.

अनारसे होते. वर खसखस थापलेली. डबा ताईने बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला आणि मी बघत राहिलो.

रिक्षा असल्फ्यावरून साकीनाक्याकडे निघाली. बॅग माझ्या पायाशी. ताई बोलत होती, गॅसचा नंबर लावलाय, सिलिंडर आलं की काकींना सांग, उपाशी सभांना जाऊ नकोस. मी ऐकत नव्हतो. पकडतील, परतीच्या विमानात बसवतील, उद्या ती घरी. तुरुंग असं मी स्वतः लिहिलं होतं, खाली रेघ मारून. तरी त्या अर्ध्या तासात मला फक्त परतीचं विमान दिसत होतं. जगाला नियम शिकवायला निघालेला माणूस गप्प बसला होता.

मरोळ मागे पडलं. सहारची पाटी दिसली आणि मी म्हटलं, "ताई, डब्यात अनारसे आहेत."

 ती रिक्षावाल्याला म्हणाली, "भैया, बाजूला घ्या."

विमानतळाबाहेरच्या फुटपाथवर आम्ही अख्खी बॅग रिकामी केली. डब्याचं झाकण सैल होतं. दाणे साडीच्या घड्यांत, चपलेत, चेनच्या दातांत. ताईने एकेक कपडा झटकला, चेन सेफ्टी पिनने कोरली. शेजारी एका मुलाला पोचवायला आलेलं रत्नागिरीचं कुटुंब होतं. अनारसे त्यांना दिले.

"खसखशीला बंदी? मग लोक तिकडे खातात तरी काय?" त्यांतले आजोबा म्हणाले.

"खजूर," ताई म्हणाली, आणि सगळे हसले. मी हसलो नाही.

आत फक्त प्रवाशालाच सोडत. तिने बॅग उचलली, माझ्या शर्टावरचा एक दाणा नखाने काढला आणि गेली. काचेमागे तिची पाठ थोडा वेळ दिसली.

काकींना मी सांगितलं, डबा पोचला.

त्यानंतर पासपोर्ट ऑफिसबाहेर पत्रकं वाटायला मी रोज एकटाच उभा राहू लागलो. मंडळातल्या पोरांना कंटाळा आला होता. मला येऊन चालणार नव्हता. अनोळखी माणूस थांबायचा, विचारायचा, "लोणचं चालतं का हो?" तेवढंच दिवसभराचं बोलणं. मी लोणच्यावर पंधरा मिनिटं बोलायचो. माणूस कंटाळून निघून जायचा.

ताईचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. बॅगेतलं सगळं टेबलावर ओतलं, पण सोडलं. खोलीत केरळच्या दोघी आहेत, चांगल्या आहेत. शुक्रवारी सुट्टी. आणि खाली, सही करायच्या आधी, एक ओळ: खसखशीचं तुला सकाळीच ठाऊक होतं ना रे?

उत्तरात मी पाच पानं लिहिली. एजंटांची लूट, एमिग्रेशन ऑफिसातली अरेरावी, पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा. पाकीट चिकटवलं, पुन्हा फोडलं. शेवटी लिहिलं, 'हो, ठाऊक होतं.' दुसऱ्या दिवशी टपालपेटीत टाकलं आणि तिच्या उत्तराची वाट बघू लागलो.