दारातल्या चपला

लेकीच्या ओल्या रबरी चपलांचा वास आला की आमच्या फुलचूर गावाहून आम्ही सगळे गेलो होतो ते झोक्या-पाळण्यांचं पार्क आठवतं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल.

भूक लागली होती आणि कुठं जेवायचं ते ठरेना. एक हॉटेल जहाजाच्या आकाराचं होतं, एक गुहेच्या. आम्ही पोरं जहाजासाठी हटून बसलो. पण तिथं लोक चपला घालूनच आत शिरत होते, आणि आमच्या गावात पंगतीला चपला बाहेर काढूनच बसायचे, त्यामुळे बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते जेवणाचं ठिकाण वाटेचना. शेवटी एका रंगीत घुमटाबाहेर त्यांना ओल्या रबरी चपलांचा ढीग दिसला.

"लोकं एथंच जेवून राहिले. काढा चपला."

आत नुसती मऊ गादी होती. आम्ही पंगतीसारखे ओळीनं बसलो. भोवती पोरं उड्या मारत होती, गादी हलली की आई माझा खांदा धरायची.

"बाबूजी, ताटं काऊन नाही आली?"

"पहिली पंगत तं उठू दे!"

ती उड्या मारायचीच खोली होती, हे आज कळतं. तरी लेक कुठल्याही हॉटेलकडे ओढू लागली की माझी नजर आधी उंबऱ्याकडे जाते. तिथं चपला नसतात, आणि आत जावं की नाही, मला कळेनासं होतं.